अर्जातली चौथी ओळ

८ जानेवारी १९३९, रविवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. खिशातले घड्याळ मी शाळेच्या घंटेसाठी बाळगत असे. सुट्टीच्या दिवशीही ते खिशातच असे. त्या वेळी मी लोणखेड्याच्या गावमळ्यात, माझ्या पत्नीच्या वाफ्यापाशी, खुरपे घेऊन बसलो आणि लसणाचे पहिले रोप उपटले. वाफा तिने दिवाळीनंतर लावला होता. मार्गशीर्षात ती गेली. लसूण तयार व्हायला अजून दोन महिने होते.

हे मी का केले, ते क्रमाने सांगतो.

गावमळा कोणाच्या मालकीचा नव्हता. गोमाई नदीच्या काठाला गावठाणाची एक पडीक पट्टी होती आणि तिच्यात एक जुनी, कच्ची विहीर. ज्यांना शेत नाही अशा अकरा घरांनी गावाच्या संमतीने ती पट्टी साफ केली आणि वाफे वाटून घेतले. सुताराचे घर, न्हाव्याचे घर, काही मजुरांची घरे, एक एकटी म्हातारी, आणि मी, शाळेचा मास्तर. खरे तर मी नव्हे, माझी पत्नी. भाजी विकायची नाही, घरी खायची, उरली तर शेजारी द्यायची, एवढा एकच नियम होता, आणि तो कोणी कोठे लिहिलेला नव्हता.

पत्नीचे माहेर धानोऱ्याचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ती माहेरून लसणाच्या चार गड्ड्या घेऊन आली. बारीक पाकळी, जांभळट साल, डोळ्यांत पाणी आणणारा वास. दरवर्षी ती त्यातल्याच पाकळ्या लावी, फाल्गुनात गड्ड्या खणी, पातींची वेणी घालून आढ्याला टांगी, आणि पुढच्या वर्षाचे बी वेगळे ठेवल्याशिवाय एकही गड्डी चुलीकडे नेऊ देत नसे. तेवीस वर्षे हे बी तुटले नव्हते. धानोऱ्याला तिच्या भावांनी ते केव्हाच सोडले होते, कारण बाजारचा लसूण आकाराने मोठा असतो. आधी ती ते आमच्या परसात लावी. गावमळा झाल्यापासून तेथे लावू लागली.

दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीची पूर्वेकडची बाजू ढासळली. मोटेची धाव त्याच बाजूला होती, म्हणून मोट बंद झाली आणि बायका उरलेल्या काठावर उभ्या राहून दोराने पाणी शेंदू लागल्या. मागच्या पावसाळ्यात आणखी माती खचली. विहीर दगडाने बांधून घेतली नाही, तर पुढच्या पावसाळ्यात ती बुजणार आणि तिच्याबरोबर मळाही संपणार, हे पाहणाऱ्या कोणालाही कळण्यासारखे होते. अकरा घरे मिळून मजुरी देऊ शकत होती. दगड, चुना आणि गवंडी आणणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते.

पत्नीने मला अर्ज लिहायला सांगितले. गावात अर्ज लिहू शकणारा मीच होतो. मी म्हणालो, अर्ज करणे म्हणजे हात पसरणे, आणि ते मी केलेले नाही. तिने पुन्हा सांगितले. मी पुन्हा तेच म्हणालो. असे दीड वर्ष गेले.

ती घरात अहिराणी बोले. मी शुद्ध मराठीत उत्तर देई, आणि बहुधा तिचे वाक्य आधी दुरुस्त करून मग देई. माझ्याबद्दल तिचे एकच गाऱ्हाणे होते आणि ते ती रागावून नव्हे, भाकरी थापता थापता बोलून दाखवी.

"तुम्ही इचारतस नही, समजी लेतस."

विचारणे आणि समजून घेणे या दोन क्रियांत विरोध नाही, असे मी तिला समजावून सांगत असे.

मार्गशीर्षात तिला ताप आला. शहाद्याहून औषध आणले. नवव्या दिवशी सकाळी अंग गार लागले. ताप उतरला असे मी समजलो आणि शाळेत गेलो. दुपारी सुताराचा भाऊ मला बोलवायला आला.

ती गेल्यावर चौदाव्या दिवशी मी अर्ज लिहायला बसलो.

पहिला अर्ज तालुक्याच्या कचेरीत दिला. विहीर पिण्याच्या पाण्याची नाही, शेतसारा भरणाऱ्या जमिनीचीही नाही, तेव्हा कोणत्याच सदराखाली ती बसत नाही, असे तेथील कारकुनाने सभ्यपणे सांगितले. तोच मला म्हणाला की शहाद्याच्या व्यापाऱ्यांच्या पंचांकडे धर्मादायाचा निधी असतो. त्यातून पाणपोया होतात, गुरांसाठी हौद होतात. पंचांमध्ये एक कापसाचे व्यापारी होते. मूळ राजस्थानचे जैन कुटुंब, पण तिसरी पिढी येथेच वाढलेली. त्यांच्यापुढे अर्ज ठेवावा असे ठरले.

हा दुसरा अर्ज मी अधिक काळजीने लिहिला. मळ्यावर किती घरे जगतात हे नुसते सांगून भागणार नाही, काय पिकते तेही दिसले पाहिजे, असा विचार करून मी भाज्यांची नावे घातली. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत पालेभाज्या आणि शेंगा आल्या. चौथी ओळ अशी होती: लसूण, कांदा, मुळा, रताळी. भाज्या मी वर्णक्रमाने लिहिल्या होत्या. त्या क्रमाने लसूण शेवटी यायला हवा होता. तो पहिला का लिहिला, हे मी तेव्हा पाहिले नाही.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी शहाद्याला शेठजींच्या पेढीवर गेलो. त्यांनी मला गादीवर बसवले, पाणी दिले, आणि अर्ज हळू, पुटपुटत वाचला. चौथ्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. त्याच क्षणी माझी चूक माझ्या ध्यानात आली. जैन घरात जमिनीखालचा कंद खात नाहीत. तो खणण्यातही जीवहत्या मानतात. शहाद्याच्या बाजारात फिरणाऱ्या लहान मुलालाही हे ठाऊक असते. ज्या निधीत त्यांच्या वडीलधाऱ्यांचा धर्म गुंतलेला, त्या निधीपुढे मी कंदांची यादी ठेवली होती.

शेठजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "मास्तर, हे एवढं काढून टाका. मग मी पंचांपुढे ठेवतो. रविवारी चारला येऊन विहीर पाहून जाईन."

आणि अर्ज त्यांनी माझ्या हातात परत दिला.

तो परत का दिला, हे मी विचारले नाही. मला तेथून उठायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या दारात मागायला गेलो होतो आणि पहिल्याच पानावर चुकलो होतो. होय म्हणालो, नमस्कार केला आणि निघालो. परतीच्या वाटेवर माझ्या मनात एवढेच होते की रविवारी चार वाजेपर्यंत मळ्यात एकही कंद दिसता कामा नये.

त्या संध्याकाळी मी अकरा घरांना विहिरीपाशी बोलावून शेठजींची अट सांगितली. अट हाच शब्द वापरला. सुताराची रताळी निघायलाच आली होती. मुळे दोन घरांचे होते, त्यांनी ते दुसऱ्या दिवशी उपटून खाल्ले. तक्रार केली ती एकट्या म्हातारीने. तिला मागेपुढे कोणी नव्हते. तिचा सगळा वाफा कांद्याचा होता, रोपे लावून जेमतेम पंधरा दिवस झालेली, आणि वर्षभर भाकरीबरोबर तिला तोच कांदा पुरवायचा होता.

"शेठ कांदा खास नही ते नको खावो," ती म्हणाली. "मन्हा कांदानी त्यानं काय बिघाडं?"

लोक हसले. मी हसलो नाही. मी तिला सांगितले की विहीरच राहिली नाही तर कांद्याला पाणी कोठून घालशील. ती म्हणाली, पाणी मी नदीवरून आणेन, मला काय हातपाय नाहीत. मग तिने माझ्याकडे पाहून विचारले की बाईच्या लसणाचे काय करणार. मी म्हणालो की सर्वांत आधी तोच निघेल. माणसे घरी गेली.

आता रविवारकडे येतो.

उजाडत होते. थंडी होती आणि वाफ्याची माती ओली होती, कारण आदल्या दिवशी म्हातारीने त्याला पाणी दिले होते. पत्नी गेल्यापासून तीच देत होती. हे मला त्या सकाळी कळले. ओल्या मातीतून रोपे सहज निघत होती. खाली गड्डी धरलेली नव्हती. लावलेली एक पाकळी, तिची जांभळी साल अजून तशीच, आणि तिला फुटलेली पांढरी मुळे. ओळी सरळ होत्या. दोन रोपांत चार बोटांचे अंतर होते, आणि ते कोठेही चुकलेले नव्हते.

म्हातारी कांद्याच्या वाफ्याच्या कडेला येऊन बसली. माझी दुसरी ओळ संपेपर्यंत तिने वाट पाहिली.

"बाईना हातना लसून शे, गुरजी," ती म्हणाली. "दुपार लोंग तरी थांबा."

मी तिला विचारले की तिने आपला कांदा का काढला नाही. ती म्हणाली, काढते. शेठ काय आताच येऊन बसला आहे? मी पुन्हा खुरपे हातात घेतले. सव्वाआठला वाफा मोकळा झाला. माती सारखी केली. उपटलेली रोपे टोपलीत भरून मळ्याच्या मागच्या कुंपणाबाहेर, शेठजींना दिसणार नाहीत अशा जागी, टाकली. काही बी राखावे असा विचार मनात आला होता. पण जी पाकळी अर्धी खर्ची पडून रोप झाली आहे, ती पुन्हा बी होत नाही. घरातल्या जुन्या गड्ड्या केव्हाच संपल्या होत्या. बी म्हणून होते ते सगळे त्या वाफ्यातच होते.

घरी येऊन अंघोळ केली. आदल्या दिवशीची भाकरी खाल्ली. मुलांच्या वह्या तपासल्या.

चार वाजता शेठजींची बैलांची दमणी आली. ते वेळेचे पक्के होते. मी, सुतार आणि आणखी चौघे विहिरीपाशी उभे होतो. शेठजींनी जोडे काठापासून दूर काढून ठेवले, ढासळलेल्या बाजूला जाऊन वाकून पाहिले, पाणी किती हात आहे ते विचारले, आणि दगड कोठून आणता येईल यावर सुताराशी बोलले. त्यांच्या बोलण्यावरून काम होईल असे वाटले. मग ते म्हणाले, आलो आहे तर मळा पाहतो.

मी त्यांना मेथीच्या, वांग्याच्या, वालाच्या वाफ्यांवरून नेले. पुढे म्हातारीचा वाफा होता. त्यावर तिची गोधडी पसरलेली होती, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून, जणू वाळत घातली आहे, आणि ती स्वतः एका कोपऱ्यावर बसली होती. गोधडी मध्ये मध्ये उंचावली होती.

शेठजी थांबले. "माई, गोधडीखाली काय झाकलंय?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि मग त्यांच्याकडे. "कांदा शे, शेठजी. गुरजी म्हनतस काढी टाका. मी नही काढा."

"का काढायचा?" शेठजी म्हणाले. "तुमचा कांदा आहे, तुम्ही खा. उचला ती गोधडी, रोपं गुदमरतील."

म्हातारीने लगेच गोधडी उचलली. शेठजी माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम नुसते आश्चर्य होते.

"मास्तर, मी कागदातून काढा म्हटलं होतं. पंचांत माझे काका बसतात, त्यांच्यापुढे ते वाचायला नको, एवढंच. जमिनीतून काढा असं मी कशाला म्हणेन?"

त्याच आठवड्यात मी चौथीच्या मुलांना 'काढणे' या क्रियापदाचे अर्थ फळ्यावर लिहून दिले होते: पाणी काढणे, चित्र काढणे, नाव काढणे, दिवस काढणे. वाक्यात कर्म स्पष्ट नसेल तर ते संदर्भावरून घ्यावे, आणि संदर्भ स्पष्ट नसेल तर बोलणाऱ्याला विचारावे, असे सव्वीस वर्षे शिकवत आलो होतो. शेठजींच्या वाक्यात कर्म म्हणून नुसते 'हे एवढं' होते. संदर्भ माझ्या हातात दिलेला होता. कागदच होता तो.

शेठजींची नजर पुढच्या वाफ्यावर गेली. तेथे काहीच नव्हते. ओली, सारखी केलेली काळी माती तेवढी होती.

"इथं काय होतं?"

"लसूण."

"कोणाचा?"

"घरचा," मी म्हणालो.

माझ्या घरी काय झाले ते त्यांना ठाऊक असावे. शहादा फार दूर नाही. ते थोडा वेळ त्या मातीकडे पाहत उभे राहिले. क्षमा मागण्याचा प्रश्न नव्हता. त्यांचा काही दोष नव्हता, आणि मीही त्यांना तसे भासू दिले नाही. जाताना ते इतकेच म्हणाले की कागद नव्याने लिहून उद्या सकाळी पेढीवर पाठवा, पुढचे मी पाहतो. ते त्यांनी पाहिले. त्या वर्षी वैशाखात दगड आला, चुना आला, आणि पावसाळ्यापूर्वी विहीर बांधून झाली. मोटेची धाव पुन्हा सुरू झाली. पत्नीने सांगितले तेव्हाच मी अर्ज केला असता, तर ते सारे तिच्या डोळ्यांदेखत झाले असते. ती विहीर आजही उभी आहे, आणि अकराऐवजी आता पंधरा घरे तिच्या पाण्यावर भाजी करतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही वाफ्यात धानोऱ्याचा लसूण नाही.

दमणी गेल्यावर माणसे पांगली. म्हातारी कुंपणापलीकडे गेली आणि टाकलेल्या ढिगातून मुळे शाबूत असलेली रोपे निवडून पदरात घेऊन आली. आपण ही परत लावू, असे ती म्हणाली. मी तिला सांगितले की सकाळपासून मुळे उघडी पडली आहेत, ती धरणार नाहीत.

"इचारी तर पाहू मातीले," ती म्हणाली.

मी तिच्या वाक्यात काही दुरुस्त केले नाही. मीही तिच्याशेजारी बसलो. त्याच वाफ्यात, त्याच ओळींत, चार बोटांच्या अंतराने आम्ही ती लावली. तिने दोन घागरी पाणी घातले. महाशिवरात्रीच्या सुमारास शेवटची पात पिवळी पडली. एकाही रोपाने गड्डी धरली नाही. पण ते नंतरचे.

त्या दिवशी दिवेलागणीला मी घरी आलो. कागद काढला, शाई घेतली आणि थांबलो. माझ्या हातांना लसणाचा वास येत होता. सकाळच्या अंघोळीने तो गेला असावा. पण मघाशी रोपे पुन्हा हाताळली होती. हा कागद शेठजींच्या काकांच्या हातात जाणार होता. मोरीवर जाऊन राखेने हात घासले. वास राहिला. चुलीजवळच्या मडक्यात पत्नीने भरून ठेवलेली चिंच होती, ती घेतली, राखेत कालवली आणि नखांच्या कडांपर्यंत चोळली. पुन्हा वास घेतला. तो फिका झाला होता, गेला नव्हता. तिसऱ्यांदा घासले. मग हात नाकापाशी धरून बराच वेळ बसलो. तो आता कुठेच नव्हता.

हात कोरडे पुसून अर्ज नव्या कागदावर उतरवला. पहिल्या तीन ओळी जशा होत्या तशा ठेवल्या. चौथी ओळ घेतली नाही; तिच्या जागी विहिरीच्या पूर्वेकडच्या बाजूचे वर्णन वर आले. खाली सही केली. शाई वाळू दिली, कागदाची घडी घातली, आणि टाक धुऊन, पुसून जागेवर ठेवला.